मक्याच्या रानात जुळलेली मैत्री

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांती करायला घराबाहेर पडले आणि साता समुद्रापलीकडे शेतीच्या मोफत शाळा चालवू लागले. कृषी मंडळ म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या आयुष्याकडे बघून कळतं.

कॉलेजचा पहिला आठवडा आठवून बघा. जळकोटहून सकाळची एसटी पकडायची. कुणी नळदुर्गला उतरतं, कुणी तुळजापूरला जातं, कुणी पार सोलापूर गाठतं. वर्गात ओळखीचा कार्यक्रम सुरू होतो. नाव सांगा, गाव सांगा, वडील काय करतात ते सांगा. पुढच्या बाकांवरून उत्तरं येत जातात. कुणाचे वडील शिक्षक, कुणाचे बँकेत, कुणाचं दुकान. आपली पाळी आली की आवाज आपोआप खाली जातो. शेती, एवढं एकच शब्दाचं उत्तर देऊन आपण पटकन खाली बसतो. जणू काही चूकच कबूल केली.

आणि गंमत बघा, त्याच मुलाला पेरणीच्या आधी माती हातात घेतली की ओल किती आहे ते कळतं. सोयाबीनच्या पानावर कसली कीड आहे, हे तो लांबून सांगतो. पण हे ज्ञान मिरवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगणार कोण? त्यासाठी चार दोस्त लागतात, एक तुकडा जमीन लागते आणि एकत्र बसायची जागा लागते.

असा दोस्तांचा अड्डा एका मराठी माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी जमवला होता. फक्त तो मराठवाड्यात नव्हता, विदर्भातही नव्हता. तो होता मेक्सिकोत. त्या माणसाचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

दुष्काळात वाढलेला मुलगा

पांडुरंगचा जन्म १८८० च्या दशकातला, वर्ध्याचा. शिक्षण आधी वर्ध्यात आणि मग नागपुरात झालं. तो शाळकरी वयाचा असताना देशाने दोन मोठे दुष्काळ बघितले. एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. पिकवणाराच उपाशी मरतो, हे त्या पिढीने पुस्तकात वाचलं नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते दिवस लोकमान्य टिळकांचे होते. नागपूर-वर्ध्याकडची पोरं गुप्त मंडळ्या काढत होती. पांडुरंगही त्यांत ओढला गेला. इंग्रजांना हाकलायचं तर बंदूक चालवता आली पाहिजे आणि ती विद्या शिकायची तर देशाबाहेर जायला हवं, हे त्याच्या मनाने पक्कं घेतलं. १९०६ च्या सुमारास तो निघाला. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा.

वय विशीच्या आसपास. भाषा परकी, अन्न परकं, ओळखीचं कुणी नाही. तुम्ही हॉस्टेलवर पहिल्या रात्री जे अनुभवलं असेल, त्याला कितीतरी पटींनी गुणा. आणि दिवाळीला घरी जायची सोय नाही. परत येणं झालं ते थेट स्वतंत्र भारतात, चाळीसहून जास्त वर्षांनी.

लाकडाच्या गिरणीतले दोस्त

अमेरिकेत खानखोजेंनी दोन गोष्टी एकाच वेळी शिकल्या. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतलं. आणि शेती शिकण्यासाठी बर्कली, ओरेगॉनचं कृषी महाविद्यालय आणि शेवटी वॉशिंग्टन स्टेट कॉलेज असा प्रवास केला. १९१३ मध्ये ते तिथून एम. एस. झाले.

एक हात तलवारीवर आणि एक नांगरावर. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुष्काळात वाढलेल्या मुलाला ते विचित्र वाटलं नसावं. राज्य आपलं झालं आणि पोट रिकामंच राहिलं, तर त्या राज्याचा उपयोग काय?

त्या काळात तिथे भारतीय माणसाने राहणं सोपं नव्हतं. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय कामगारांना मारहाण करून गावाबाहेर पिटाळलं. हे कामगार कोण होते? बहुतेक पंजाबी शेतकऱ्यांची पोरं. कुणी फौजेत राहून आलेले, कुणी गहाण पडलेली जमीन सोडवण्यासाठी पैसे कमवायला आलेले. लाकूड कापायच्या गिरण्यांत आणि फळबागांत ते राबत.

वर्ध्याच्या मराठी ब्राह्मण घरातला विद्यार्थी आणि पंजाबातले शीख कामगार यांच्यात सामाईक असं काय होतं? भाषा वेगळी, जेवण वेगळं, वय वेगळं. सोहनसिंग भकना तर त्यांच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे. पण खानखोजे पोर्टलंडच्या परिसरात या माणसांमध्ये मिसळले आणि पंडित काशीराम, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर संघटना बांधायला लागले. अशाच छोट्या-छोट्या गटांतून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. भकना तिचे अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ सरचिटणीस. लढाऊ कामाची आखणी करणाऱ्यांत खानखोजे होते.

इथे एक जुळून आलेली गोष्ट सांगायला हवी. खानखोजे अमेरिकेत शिकत होते नेमक्या त्याच वर्षांत तिथल्या खेड्यांत शाळकरी मुलांचे मका क्लब पसरत होते. मुलाने घरच्या रानातला छोटा तुकडा घ्यायचा, सुधारलेलं बी लावायचं, खर्च आणि उत्पन्न वहीत मांडायचं आणि हंगाम संपला की सगळ्यांनी आपापली कणसं घेऊन एकत्र जमायचं. बाप जुन्या पद्धतीला चिकटून असायचा, पण पोराच्या तुकड्यात जास्त पीक आलेलं दिसलं की पुढच्या वर्षी तोही तेच बी मागायचा. याच क्लबांतून पुढे फोर-एच नावाची मोठी युवक चळवळ तयार झाली.

मित्र गेले, माणूस उरला

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. गदरची माणसं बंड करायला भारताकडे निघाली. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे आणि पंजाबचा कर्तारसिंग सराभा ही त्यातली दोन नावं. बंडाचा बेत फुटला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी दोघांनाही लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली. पिंगळे सत्तावीस वर्षांचा होता, सराभा एकोणीसचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाचा. पंडित काशीराम त्याच वर्षी आधीच फासावर गेले होते.

खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले होते. तुर्कस्तानातून इराणमार्गे भारताच्या सीमेवर यायचं, असा बेत होता. नाव बदललं, वेश बदलला, इराणच्या डोंगराळ भागात टोळ्यांना बरोबर घेऊन ते इंग्रजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपलं तेव्हा हाती काहीच लागलं नव्हतं. १९२१ मध्ये भारतीय क्रांतिकारकांच्या गटाबरोबर ते मॉस्कोला गेले, नंतर बर्लिनमध्ये राहिले. देशाचं दार बंद होतं, कारण इंग्रजांच्या यादीत त्यांचं नाव होतं.

विचार करा, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस. ज्या कामासाठी घर सोडलं ते फसलंय. जवळचे मित्र फासावर गेलेत. हातात उरलंय काय? तर शेतीची पदवी.

तीच कामाला आली. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी त्यांची ओळख झाली होती आणि जुन्या ओळखींनी आता हात दिला. पुढे चपिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. स्पॅनिश भाषेत शिकवायचं, तेही ज्यांच्या पूर्वजांनी मका जगाला दिला, त्यांच्याच नातवंडांना! धाडस लागतं राव याला.

फी नाही, भिंती नाहीत

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांना जमिनी मिळू लागल्या होत्या. ज्याने या जमिनींसाठी लढा दिला, तो एमिलियानो झपाता १९१९ मध्ये दगाफटक्याने मारला गेला होता. जमीन तर मिळाली, पण पुढे काय? बी नाही, औजारं नाहीत, सल्ला द्यायला कुणी नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मालकासमोर मान खाली घालून उभं राहायची सवय. कागदावर मालक झालेला माणूस मनातून अजून कूळच होता.

अशा माणसांसाठी खानखोजेंनी शेतकऱ्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन मोफत शेतकी शाळा सुरू केल्या. फी नाही. शिकवणारे आपला वेळ देणार. शिकणारे स्वतः राबणारे शेतकरी आणि त्यांची पोरंबाळं. त्यातल्या एका शाळेला झपाताचंच नाव दिलं होतं. नाव शाळा असलं तरी आजच्या भाषेत सांगायचं तर ती गावोगावची कृषी मंडळंच होती.

आता यात मंडळ कशाला हवं, एकेकाला घरी जाऊन शिकवता आलं नसतं का? याचं उत्तर मक्याकडेच आहे. मक्याच्या ताटाला वर तुरा येतो, तो नर. मध्यावर कणीस धरतं, त्याचे रेशमी केस म्हणजे मादी. तुऱ्यातले परागकण वाऱ्यावर उडतात आणि कुठल्याही ताटाच्या केसांवर जाऊन बसतात. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं बी लावा, शेजाऱ्याच्या रानातला हलका मका तुमच्या कणसात मिसळणारच. गव्हाचं तसं नसतं. गहू आपल्याच फुलात आपलं बी धरतो, त्यामुळे एकटा शेतकरीही वाण टिकवू शकतो. मका मात्र एकट्याला सुधारता येत नाही. त्यासाठी बांधाला बांध लागून असलेल्या सगळ्यांनी एक व्हावं लागतं. शेजाऱ्याशी बोलणं नाही, तर चांगलं बी नाही. इतका साधा हिशेब.

आणि मेक्सिकोचा शेतकरी हे मुळातून जाणत होता. तिथे मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावायची हजारो वर्षांची रीत आहे. घेवडा मक्याच्या ताटाला धरून वर चढतो आणि जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तणाला दाबतात. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायची पद्धत आहे, तसंच काहीसं. खानखोजे शिकवायला गेले होते आणि शिकलेही.

संशोधक म्हणून त्यांचं मोठं कामही मक्यातलंच. तेओसिंते नावाचं एक रानगवत मेक्सिकोत उगवतं. त्याच्या कणसात मोजके, दगडासारखे टणक दाणे असतात. ते मक्याचं रानटी भावंड. या गवताचा आणि मक्याचा संकर करून त्यांनी प्रयोग केले. एका ताटाला जास्त कणसं धरणारं वाण काढायचा ध्यास घेतला. गव्हावर, कडधान्यांवरही काम केलं. पण हे बी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून ते थांबले नाहीत. ते शेतकऱ्याच्या हातात गेलं पाहिजे, त्याने ते स्वतः निवडलं पाहिजे, हा त्या शाळांचा खरा धडा होता.

चांगलं कणीस निवडणं म्हणजे काय, तर निर्णय घेणं. रानभर फिरून हजार ताटांतलं हे ठेवायचं आणि ते नाही, हे स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून ठरवणं. आणि मग दहा जणांसमोर उभं राहून का ठरवलं ते सांगणं. ज्याला आयुष्यभर फक्त हुकूम ऐकायची सवय होती, त्याच्यासाठी यापेक्षा मोठं शिक्षण दुसरं कुठलं असणार?

भिंतीवरचा माणूस

या कामाने खानखोजेंनाही दोस्त मिळवून दिले. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा त्यांच्यापैकी एक. त्या वर्षांत रिवेरा चपिंगोच्या विद्यालयातली भिंतीचित्रं रंगवत होता. राजधानीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरही त्याची चित्रं आहेत. त्यातलं एक आहे आपल्या रोजच्या भाकरीचं. मोठं टेबल, भोवती निरनिराळ्या वंशांची माणसं आणि मधोमध भाकरी मोडून वाटणारा एक माणूस. तो चेहरा आपल्या वर्ध्याच्या पांडुरंगाचा! इटलीत जन्मलेली छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिनेही खानखोजेंचे, त्यांच्या मक्याचे आणि शेतकी शाळांचे फोटो काढले. १९३० मध्ये सरकारने तिला देशाबाहेर काढलं, पण फोटो राहिले.

चित्रकार, छायाचित्रकार, प्राध्यापक आणि अनवाणी शेतकरी एकाच रानात कशामुळे आले? कुणी मैत्री करूया असं ठरवून आलं नव्हतं. काम होतं म्हणून आले, काम करता करता मैत्री झाली. पुढे १९३६ मध्ये खानखोजेंनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचं नाव सावित्री, धाकटीचं माया.

परतीची वाट

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. मध्य प्रांत सरकारने शेतीविषयी सल्ला देण्यासाठी खानखोजेंना बोलावलं आणि १९४९ मध्ये ते भारतात आले. पण इंग्रज गेले तरी त्यांनी केलेली काळी यादी कपाटातच होती. ज्या देशासाठी सगळं आयुष्य दिलं, त्याच्याच दारात त्यांना अडवलं गेलं. राग यावा अशीच गोष्ट. तरी ते पुन्हा आले आणि १९५० च्या दशकात नागपुरात कायमचे स्थायिक झाले. मेक्सिकोत रानारानांत ओळखला जाणारा हा माणूस नागपूरच्या रस्त्यावर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं होतं. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या त्या बुटक्या गव्हापासून आपली हरितक्रांती सुरू झाली. बोरलॉग मेक्सिकोत पोहोचले १९४४ मध्ये. खानखोजे त्यांच्या वीस वर्षं आधी तिथल्या रानात उतरले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये चपिंगोच्या विद्यापीठात खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झालं. म्हणजे आठवण ठेवली, थोडी उशिरा का होईना.

आणि आपल्या बांधावर?

आता परत जळकोटला येऊ. इथे मका कमी, पण तूर आहेच. आणि तुरीची गंमत सांगतो. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि या रानातले पराग त्या रानात नेतात. त्यामुळे घरचं बी दरवर्षी वापरलं की वाण हळूहळू मिसळत जातं. शेंगा कमी-जास्त, दाण्याचा रंग वेगवेगळा, एक झाड आधी पिकतं, एक नंतर. मग आपण म्हणतो, बी बिघडलं. खरं तर शेजारच्या बांधाशी आपलं बोलणंच झालेलं नसतं.

यंदा एक करून बघा. बांधाला बांध असलेले चार-पाच दोस्त जमा. मुलीही घ्या, कारण घरचं बी निवडून, राख लावून जपून ठेवायचं काम आई-आजीच करत आल्यात आणि ते ज्ञान त्यांच्याकडूनच मिळणार आहे. सगळ्यांनी मिळून एकच वाण ठरवा. प्रत्येकाने रानाच्या मधला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा बियाण्यासाठी राखा. फुलं यायच्या आधी वेगळी दिसणारी झाडं उपटून टाका. पेरणीची तारीख, पाऊस, फवारणी, खर्च हे सगळं एका वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी एकाच्या रानात सगळे जमा आणि ज्याचं रान, त्याने सांगायचं. पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटणार नाही, चालेल. दुसऱ्यांदा फुटेल.

खर्च म्हणाल तर एका वहीचा आणि बियाण्याचा. फायदा किती होईल, हे काढणीनंतर तुमची वहीच सांगेल. पण एक नक्की. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गात पुन्हा ओळखीचा कार्यक्रम होईल, पुन्हा तोच प्रश्न येईल. तेव्हा एका शब्दात उत्तर देऊन खाली बसायची वेळ येणार नाही. सांगण्यासारखं बरंच असेल. शिवाय शेजारच्या बाकावर त्याच मंडळातला एखादा दोस्त बसलेला असेल आणि तुम्ही काही विसरलात तर मागून तो आठवण करून देईल.